लोणी लावलेली वाटी

त्या गावात तूरडाळ शिजायची नाही. आईचं आणि हिमालयाचं पहिलं भांडण झालं ते ह्यावरून. सकाळी चुलीवर चढवलेली डाळ दुपारीही दाताखाली कचकचायची, आणि आई ती पळीने ढवळत म्हणायची, इथलं पाणी ढोंगी आहे, नुसतं उकळल्यासारखं करतं. शाळेचं तोंड न बघितलेली माझी आई अगदी शास्त्राला धरून बोलत होती, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली. इथे अमेरिकेत, कॅरी गावी, माझ्या नातीच्या सायन्सच्या पुस्तकात तेच छापलंय, चित्रासकट: उंचावर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही. मी इराला म्हटलं, हे तुझ्या पणजीने आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "कूल," आणि पान उलटलं.

आता साताऱ्याकडची माणसं शेर्पांच्या गावात काय करत होती, ते सांगायला हवं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, सैन्यात कंपाउंडर होते. निवृत्त होऊन घरी बसले तोच त्यांच्या जुन्या डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं, की नेपाळात पार वर, बर्फाच्या डोंगरांखाली दोन खोल्यांचा दवाखाना काढलाय, मी महिन्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस सांभाळायला शिस्तीचा माणूस हवा. अण्णांना कुणी शिस्तीचा माणूस म्हटलं की ते कुठेही जायला तयार असत. आईला काही विचारलं नाही. ट्रंकेत काय भरायचं तेवढं विचारलं. तिने तूरडाळ भरली.

गावाचं नाव लिहीत नाही. नकाशावर माशी बसली तर अख्खं गाव झाकून जाईल, एवढंसं ते. दगडी घरं, खाली जनावरं आणि बटाटे, वर माणसं. पहाटे जाग यायची ती घंटांनी. याकांच्या गळ्यातल्या घंटा, प्रत्येकीचा आवाज वेगळा, आणि आई अंथरुणातूनच सांगायची कुणाचं जनावर उतरतंय ते. मग धुपीच्या झाडाची पानं जाळल्याचा वास, मग दुधाळ चहाच्या जागी लोणी आणि मीठ घातलेला तो चहा. पहिल्या दिवशी आईने तो तोंडात धरला आणि गिळायच्या आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून डोळ्यांपुढे आहे. वर्षभराने तिलाच तो नसला की डोकं दुखायला लागलं.

नावांची तिथे मोठी गंमत. मूल ज्या वाराला जन्मलं त्या वाराचंच नाव. म्हणजे सगळ्या गावात मिळून सात नावं. रस्त्यावर उभं राहून "दावा" म्हणून हाक मारली की सोमवारी जन्मलेले पाचसहा जण वळून बघायचे, त्यात एखादी म्हातारी असायची. माझं नाव शालन, ते कुणाच्या जिभेवर बसेना. शेजारच्या मिंगमाआमाने विचारलं, वार कुठला. आई म्हणाली, शुक्रवार. झालं, मी पासांग झाले. मिंगमाआमा स्वतः मंगळवारची. नवऱ्याबरोबर काही वर्षं दार्जिलिंगला राहिल्यामुळे तिला हिंदी यायचं, असं हिंदी की त्यात बायका, पुरुष, याक, सगळे पुल्लिंगी. "दिदी आया? बैठा?" असं ती आईला विचारायची आणि आईही तिच्या साताऱ्याच्या हिंदीत उत्तर द्यायची. दोघींचं बरोबर जमायचं.

पण गावाने आईला खरं आपलं म्हटलं ते शेणामुळे. तिथे लाकूड कमी, जळण म्हणजे वाळवलेलं शेण. तिथल्या बायका थापायच्या, पण आमच्या आईसारखं कोण थापणार. गोल, एकसारख्या, कडा दाबलेल्या, घराच्या दगडी भिंतीवर ओळीने बोटांचे ठसे उठलेल्या शेण्या. बायका बघायला यायच्या. नऊवारीचा काष्टा, वर अण्णांचा मिलिटरी स्वेटर, पायात पुरुषी बूट, आणि कोपरापर्यंत शेण. पावसाळा संपून ट्रेकर लोक यायला लागले की ते हे बघून वाटेतच थांबायचे, कॅमेरे काढायचे. आई पदर सारखा करून उभी राहायची. आज अमेरिकेत कुणाकुणाच्या अल्बममध्ये 'पारंपरिक वेशातली शेर्पा स्त्री' म्हणून माझी साताऱ्याची आई चिकटवलेली असणार. मी इथे कुणाकडे गेले आणि भिंतीवर डोंगराचे फोटो असले तर चष्मा लावून जवळ जाऊन बघते. मधुराला, माझ्या मुलीला, लाज वाटते. म्हणते, "आई, असं लोकांच्या भिंतीला नाक लावायचं नसतं गं."

हे ट्रेकर म्हणजे तेव्हा बहुतेक अमेरिकनच. वाट आमच्या आणि मिंगमाआमाच्या घरामधूनच जायची, आणि मिंगमाआमाची लॉज होती. लॉज म्हणजे एक लांब खोली, खिडक्यांना लागून बाकडी, मध्ये शेणाची शेगडी, बाहेर 'हॉट शॉवर' अशी पाटी. हॉट शॉवर म्हणजे छपरावर ठेवलेली, तळाला भोक पाडलेली बादली. तिची थोरली मुलगी इंग्रजी बोलायची, पण ती लग्न होऊन खिंडीपलीकडे गेली. मग सातवी पास झालेली मी शाळेच्या धड्यांतल्या इंग्रजीवर तिथे लुडबुड करायला लागले. माझं इंग्रजी म्हणजे, "धिस इज अ पोटॅटो." आणि त्या लॉजमध्ये त्याच्यापलीकडे इंग्रजी लागतच नव्हतं, कारण सगळं बटाट्याचंच असायचं. किसलेल्या बटाट्याचं जाड धिरडं, त्यावर लोण्याचा गोळा आणि मिरचीचा ठेचा. आई त्याला थालीपीठ म्हणायची आणि मिंगमाआमा आईच्या थालीपिठाला तिच्या भाषेतल्या धिरड्याचं नाव द्यायची, आणि दोघींना वाटायचं की दुसरीने हे आपल्याकडून उचललं.

एक लांबट अमेरिकन गृहस्थ आठवतो. मिंगमाआमाने त्याला लोण्याचा चहा दिला. त्याने सभ्यपणे पेला रिकामा केला. पेला रिकामा दिसला की भरायचा, हा तिचा सभ्यपणा. तो रिकामा करतोय, ती भरतेय. सातआठ पेले झाल्यावर तो माझ्याकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हाउ डू आय स्टॉप?" मी म्हटलं, भरलेला तसाच ठेवा. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, बिचाऱ्याच्या. शेर्पांचं आणि आपलं ह्या बाबतीत एकच आहे. 'शे, शे' म्हणजे घ्या, घ्या. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, यजमानाने ऐकायचं नाही, मग घ्यायचं, आणि तीनदा घ्यायचं. इथली माणसं नो थँक्यू म्हणतात आणि त्यांना खरंच नको असतं. मला हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. जावयाच्या ऑफिसातला एक मुलगा जेवायला आला होता, त्याला मी पाच पुरणपोळ्या वाढल्या. तो पुन्हा आलेला नाही.

तर असं चाललं होतं. दीड वर्ष झालं आणि आत्याचं पत्र आलं. आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण, साताऱ्यात राहायची, आणि तिची पत्रं अण्णा उभं राहून वाचत. तिने लिहिलं होतं की पोरगी चौदाची झाली, आठवी-नववीचं वय याकांमागे चाललंय, उद्या तिथलंच कुणी गळ्यात पडलं तर मला सांगायला येऊ नका, तिला माझ्याकडे पाठवा, शाळेत घालते. अण्णांनी घडी घातली आणि म्हणाले, बरोबर आहे. आठ दिवसांनी दवाखान्याचं सामान आणणारा माणूस कुटुंबासकट खाली जाणार होता, त्यांच्याबरोबर मी जायचं. ठरलं. आईने मान हलवली आणि माझी ट्रंक ओढली. अण्णांपुढे ती कधी नाही म्हणाली नव्हती. ती नाही म्हणू शकते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

मी मात्र रडून गोंधळ घातला. मला जायचं नव्हतं. ट्रेकरांचा हंगाम दहा दिवसांवर आला होता, वाटेवर पहिले तंबू दिसायला लागले होते, आणि आत्याच्या घरात मोठ्याने हसायला बंदी होती. मी जाऊन मिंगमाआमाजवळ रडले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, विस्तवावर एक शेणी टाकली, आईनेच थापलेली, आणि म्हणाली, कंपाउंडरबाबू कधी बाहेर जाणार आहे?

कुणी कुठे राहायचं हे तेव्हा पत्रांनी ठरायचं. हल्ली माझ्या बाबतीत ते डायनिंग टेबलावर चाललंय. माझं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे. मधुरा म्हणते, कॅन्सल कर, ग्रीन कार्डाचे पेपर्स फाइल करू, पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी काय करतेस. मी म्हणते, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला माहीत आहे, माझीच मुलगी ती.

दोन दिवसांनी अण्णा वरच्या वस्तीवर कुणाचा तरी मोडलेला पाय बघायला गेले. दुपारी मिंगमाआमा आली. एकटी नाही, गावातल्या दोन म्हाताऱ्या बरोबर. तिघींनी केसांना तेल लावलेलं, कमरेला पुढे बांधायचं पट्ट्यापट्ट्यांचं फडकं नवंकोरं. मी दारात शेणाचे हात घेऊन उभी होते. तिच्या हातात लाकडी सुरई होती, आणि सुरईच्या तोंडाला तीन ठिकाणी लोण्याची बोटं लावलेली.

ते लोणी मी बघितलं आणि मला सगळं कळलं. मी तिच्या स्वयंपाकघरात पडीक असायचे. छांग, म्हणजे आंबवलेल्या धान्याची दारू, गाळायला मीच तिला मदत करायचे. पांढरी, आंबूस, दिसायला थेट ताक. कुणाकडे काही मागायला जायचं असलं की शेर्पा माणूस अशी लोणी लावलेली छांग घेऊन जातो. समोरच्याने ती घेतली तर मागणं मान्य केलं. म्हणून तर समोरचा माणूस आधी हात मागे घेतो. ह्या गोष्टी अण्णांना माहीत होत्या, त्यामुळे अण्णा कुणाच्या हातचं काहीच घेत नसत. आईला मिंगमाआमा रोज ताक पाठवायची, ताज्या लोण्याचं, त्याच लाकडी भांड्यातून, आणि त्याच्याही काठाला लोणी लागलेलं असायचं. मी तिथे उभी होते. एक शब्द बोलायचा होता, "आई, ताक नाही ते." मी बोलले नाही. चौदा वर्षांची मुलगी एवढा वेळ गप्प बसू शकते हे माझ्या ओळखीच्या कुणाला पटणार नाही, पण बसले.

मिंगमाआमाने कमरेच्या ओच्यातून चांदीची कड असलेली वाटी काढली, भरली, आणि आईपुढे धरली. "शे, शे."

आई म्हणाली, नको, आत्ताच जेवले. मिंगमाआमा म्हणाली, शे, शे. आई म्हणाली, अगं कशाला. तिसऱ्यांदा आईने वाटी घेतली आणि प्याली. मिंगमाआमाने भरली. आई प्याली. पुन्हा भरली. तिसरी वाटी रिकामी झाल्यावर म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून मांड्यांवर हात पुसायला लागल्या आणि मिंगमाआमा ऐसपैस बसून म्हणाली, "दिदी, पासांग इधरी रहेगा. हमारा लॉज में."

आई म्हणाली, "बरं."

मग ती भिंतीला टेकली आणि बोलायला लागली. मराठीत. तासभर. आत्याने लग्नात हिरव्या साडीवरून काय म्हटलं होतं, तिथपासून सुरुवात केली. मी उभ्या जन्मात आईला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मिंगमाआमाला एक अक्षर कळत नव्हतं, पण योग्य त्या ठिकाणी ती चुकचुकत होती, आणि एक म्हातारी तर चक्क डोळे पुसत होती.

अण्णा परत आले तेव्हा आई झोपली होती आणि गावभर झालं होतं. त्यांनी तिला उठवलं.

"तुला ताक आणि छांग ह्यांतला फरक कळत नाही?"

"लोणी होतं काठाला," आई म्हणाली. "लोणी असतं ते ताक."

"तीन वाट्या प्यालीस."

"ती थांबेचना. पाहुण्यासारखी घरी आलेली बाई, तिला नाही कसं म्हणायचं?"

अण्णा टोपी घालून मिंगमाआमाकडे गेले. मी मागोमाग. ते म्हणाले, चूक झाली, बायकोला समजलं नाही, वाटी परत समजा. मिंगमाआमाने गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बोलावलं, बुधवारी जन्मलेल्या ल्हाक्पाआजोबांना. ते शांतपणे म्हणाले की पहिल्या घोटाआधी वाटी परत करता येते. तिसऱ्या वाटीनंतर कसं करणार, पोटातून? मग त्यांनी अण्णांना अगदी आदराने विचारलं, की ज्या घरातनं प्यालेली वाटी परत येते त्या घरातलं औषध लोकांनी कसं प्यायचं.

अण्णांना हे एकच बोलणं कळण्यासारखं होतं. दीड वर्ष खपून त्यांनी गावाला बाटलीतलं औषध प्यायला शिकवलं होतं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले, मग म्हणाले, एक हंगाम. फक्त एक. आत्याला त्यांनी लिहिलं की वाट बंद आहे. अण्णांनी आयुष्यात लिहिलेलं ते एकच खोटं, आणि त्याच दिवशी खिडकीखालून चोवीस जणांचा ट्रेक गेला, गाणी म्हणत.

एका हंगामाचे तीन झाले. मी शाळेत परत गेले नाही. ट्रेकरांनी मागे टाकलेली अर्धी पुस्तकं वाचून इंग्रजी वाचायला शिकले. अर्धी म्हणजे खरंच अर्धी, ओझं कमी करायला ते वाचलेली पानं फाडून शेगडीत घालायचे, त्यामुळे मला सगळ्या गोष्टींचे शेवट माहीत आणि सुरुवाती नाहीत. मॅट्रिक झाले नाही. पुढे लग्नाच्या वेळी, मधुराच्या शाळेचे फॉर्म भरताना, आणि गेल्या वर्षी व्हिसाच्या खिडकीवर, 'शिक्षण' ह्या रकान्यापाशी माझं पेन थोडं थांबलं. पण ते दुःख म्हणावं एवढं नव्हतं. मला टोचत होतं ते दुसरंच. मी माझ्या भोळ्या आईला फसवलं. ती बिचारी ताक समजून प्याली, नवऱ्याची बोलणी खाल्ली, गावात पुढे वर्षभर 'तीन वाटीवाली दिदी' म्हणवून घेतलं, आणि मी दारात गप्प उभी होते.

आई ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा मी एकदा तिच्यापाशी कबूल केलं. पुण्यातच, जेवण झाल्यावर. ती ताक पीत होती. मी म्हटलं, आई, त्या दिवशी मला माहीत होतं ती छांग आहे ते. मी मुद्दाम बोलले नाही.

तिने ताकाचा घोट घेतला. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"जन्म गेला माझा ताक करण्यात. पहिल्या घोटाला कळलं. कळलं काय, ती तेल लावून आली तेव्हाच कळलं." भांडं खाली ठेवून ती पदराने तोंड पुसायला लागली. "तू गेली असतीस तर मी त्या डोंगरावर मराठी बोलायचं कुणाशी? तुझ्या अण्णांशी? ते हुकूम सोडायचे, बोलायचे कुठे. पहिल्या वाटीला वाटलं, पोरीची शाळा पितेय मी. फार वाईट वाटलं. दुसऱ्या वाटीला जरा कमी वाटलं."

"आणि तिसऱ्या?"

"तिसऱ्या वाटीला चांगली लागली गं."

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात लिहून काढलं आणि इराला वाचून दाखवलं. तिला मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. तिने मध्ये मध्ये "वेट, व्हॉट?" असं केलं आणि छांग कितपत चढते ते विचारलं. मग उठून गेली. मला वाटलं, कंटाळली.

शनिवारी सकाळी मी ओट्याशी भाजी निवडत बसले होते. ही पोरगी समोर येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, तेच आधी नवल. हातात स्टीलची वाटी, आणि वाटीच्या काठाला फ्रिजमधल्या बटरचे तीन गोळे, एक घरंगळून तिच्या अंगठ्यावर आलेला.

"आजी," ती म्हणाली, "शे शे."

मधुरा सिंकपाशी पाठ करून उभी होती. नळ चालू होता आणि खाली एकही भांडं नव्हतं.

मी म्हटलं, नको गं, आत्ताच चहा झाला. इरा म्हणाली, शे शे. मी म्हटलं, कशाला उगाच. तिने वाटी आणखी पुढे केली. बटर टपकन माझ्या साडीवर पडलं.

मी प्याले. ताकच होतं, पातळ, आणि मीठ दुप्पट. पहिल्या घोटाला कळलं. इराने घाईघाईत जगमधून पुन्हा भरली, थोडी सांडली, मी तीही प्याले. मग जग उचलायचं सोडून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आता काय होतंय म्हणून. सिंकपाशी नळ बंद झाला.

तिसऱ्यांदा तिने भरायची वाट मी बघितली नाही. वाटी मीच पुढे केली.